स्टॉकहोमच्या बागा फुकट आहेत, पण ब्रुन्सवीकेनची पूर्ण फेरी मारू नका

स्टॉकहोमला निघालेल्या मंडळींनी एक गोष्ट आधीच ऐकून ठेवा. तिथे नोकरी करणारा तुमचा भाचा, पुतण्या किंवा लेक म्हणेल, "ब्रुन्सवीकेनला एक चक्कर मारून या, पाण्याकाठची सपाट वाट आहे, मस्त बाग आहे." हो म्हणा आणि अर्धीच चक्कर मारा. ब्रुन्सवीकेन म्हणजे शहराच्या उत्तरेची सरोवरासारखी खाडी, तिची पूर्ण फेरी दहा ते बारा किलोमीटर भरते. अंतराची माझी तक्रार नाही. तक्रार त्यातल्या उत्तरेच्या तुकड्याबद्दल आहे, कारण तो तुकडा म्हणजे बाग नव्हेच.

पुढचं सगळं सिंहगड न थांबता चढणाऱ्यांसाठी लिहितोय. गुडघे कुरकुरत असतील तर शेवटचे दोन-तीन परिच्छेद तेवढे वाचा. बूट चांगले हवेत, पाठीवर पाण्याची बाटली आणि विंडचीटर हवं. जूनमध्येही तिथे ऊन आणि बोचरा वारा एकाच तासात भेटतात. आमच्या भाच्याचं मत वेगळं होतं: "मामा, बागेत तर जायचंय, चपला घालून जा." भाचा किस्ताला आयटीत आहे आणि ऑफिसला मेट्रोने जातो. यावरून काय समजायचं ते समजा.

सुरुवात झकास होते, हे कबूल. ऊदेनप्लान मेट्रो स्टेशनपासून नॉरतुलपर्यंत पंधरा-वीस मिनिटं चाललं की समोर पाणी आणि डाव्या काठाला हॉगा पार्क. (रोमन अक्षरं बघून मराठी माणूस हे नाव जसं वाचतो, त्यावर घरात व्हायचे ते सगळे विनोद झाले. स्वीडिश उच्चार 'हॉ'कडे झुकतो, तोच ठेवतो.) अठराव्या शतकाच्या अखेरीस गुस्ताव तिसरा या राजाने इंग्रजी धाटणीची ही बाग आखून घेतली. इथे त्याला मोठा राजवाडा बांधायचा होता. पाया घातला, भिंती थोड्या वर आल्या आणि १७९२ मध्ये मुखवट्यांच्या नाचात त्याच्यावर गोळी झाडली गेली. राजा गेला, बांधकाम थांबलं, ते थांबलेलंच आहे. झाडीत दडलेला तो अर्धवट पाया मला बागेतल्या बाकी सगळ्या देखण्या इमारतींपेक्षा जास्त आवडला. लोक फोटो काढतात ते निळ्या-सोनेरी पट्ट्यांच्या ताम्र-तंबूंचे. लांबून कापडी तंबू वाटतात, जवळ गेल्यावर कळतं की रंगवलेला तांब्याचा पत्रा आहे. मधला तंबू १९५३ मध्ये जळला होता, नंतर परत बांधला. समोरच्या उतरणीवर भलंमोठं हिरवं मैदान आहे, तिथे बसा. मात्र बसण्याआधी खाली बघा, कारण पुढे सांगतो. हॉगाचा राजवाडा कुंपणाआड आहे, युवराज्ञी व्हिक्टोरियाचं कुटुंब तिथे राहतं. आत जाता येत नाही, गेटपाशी रेंगाळण्यात अर्थ नाही.

एक गोष्ट कुठल्याच फोटोत दिसत नाही. हॉगाच्या पश्चिम अंगाला ई-४ हा महामार्ग खेटून जातो. पाण्याच्या बाजूने चाला, आवाज जरा मागे पडतो. हीच गोष्ट पुढे भोवते.

हॉगाच्या उत्तर टोकाकडे स्वीडनच्या राजघराण्याचं दफनस्थळ आहे. तिथपर्यंत जा आणि तिथूनच मागे फिरा. हे वाक्य लिहून ठेवा. आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून आम्ही पुढे गेलो. तिथून वाट महामार्गांच्या फाट्याकडे सरकते आणि उत्तरेचा काठ येतो तेव्हा ई-१८ कानाशी असतो. मोबाइलवर हिरवा रंग दिसतो. प्रत्यक्षात एका बाजूला गाड्यांची घरघर, दुसऱ्या बाजूला झाडांच्या फटीतून कधीतरी दिसणारं पाणी. वाट बऱ्याच ठिकाणी सायकलवाल्यांबरोबर वाटून घ्यावी लागते. ते लोक फेरफटक्याला आलेले नसतात, घरी किंवा कामावर निघालेले असतात. त्यांची घंटी वाजली की तुम्ही चुकीच्या पट्टीत आहात. बायको दोनदा दचकली, तिसऱ्यांदा तिने उलट मराठीतच सुनावलं. बसायला धड बाक दिसेना, चहाची टपरी तर विसराच. फाट्यांवर पाट्या आहेत, पण त्या उपनगरांच्या नावांच्या. 'पाण्याकडे' असं कुठेच लिहिलेलं नाही. बेर्यसहाम्रा या उपनगराला पोचेपर्यंत आमचं एकमेकांशी बोलणं थांबलं होतं. तिथे लाल मार्गिकेचं मेट्रो स्टेशन आहे. दमला असाल तर मुकाट्याने गाडीत बसा, लाज वाटायचं काही कारण नाही.

वाईट याचं वाटतं की पूर्वेचा काठ खरोखर सुंदर आहे आणि तिथे पोचेपर्यंत माणूस तो बघायच्या मनःस्थितीत राहत नाही. म्हणून उपाय असा: दोन काठ दोन वेगळ्या दिवशी करा. पूर्वेसाठी मेट्रोने युनिव्हर्सिटेतेट स्टेशनला उतरा, बेरियान्स्का हे वनस्पती उद्यान बघा (बाहेरचा भाग फुकट, मोठ्या काचघराला तिकीट), आणि पाण्याकाठाने दक्षिणेला नॉरतुलकडे उतरा. वाटेत पोहायची जागाही लागते. जूनच्या पाण्यात स्वीडिश पोरं उड्या मारत होती, मी बोट बुडवून बाहेर काढलं.

आता पैशांचं. बाग फुकट, पण बागेभोवतीचं काहीच फुकट नाही. स्वच्छतागृहाला पाच-दहा क्रोनर लागतात, म्हणजे पन्नास ते नव्वद रुपये. पैशांपेक्षा ते भरायचे कसे हा खरा प्रश्न. कुठे कार्ड, कुठे नाणं, तर कुठे फक्त स्विश. स्विश हे तिथलं आपल्या यूपीआयसारखं काम करणारं ॲप, पण त्याला स्वीडिश बँकेचं खातं लागतं. पाहुण्याने काय करायचं? भाच्याने ड्रॉवरमधून मूठभर नाणी काढून दिली होती. त्यातली १ आणि ५ क्रोनरची सगळी जुनी निघाली, ती २०१७ मध्येच चलनातून बाद झालेली. १० क्रोनरचं नाणं चालतं, तीन-चार जवळ ठेवा. कार्ड टॅप होणारं हवंच, कारण रोख पैसे न घेणारी दुकानं पावलोपावली आहेत. पाणी मात्र विकत घेऊ नका. नळाचं पाणी उत्तम आहे, घरातूनच बाटली भरून निघा.

युरगोर्डेन बेटावर जाताना आणखी एक गंमत. धक्क्यावर एका काउंटरवरच्या हसऱ्या मुलाने आमच्या सोबतच्या दोन कुटुंबांना दिवसभराच्या बोटीची तिकिटं विकली. "शहराचं तिकीट या बोटीला चालत नाही" असं तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. त्याच्या बोटीला चालत नाही. स्लुसेनहून शेप्सहोल्मेनमार्गे युरगोर्डेनला जाणाऱ्या ८२ क्रमांकाच्या साध्या फेरीला ते बिनदिक्कत चालतं, हे त्याने सांगितलं नाही. एसएल म्हणजे तिथली सार्वजनिक वाहतूक सेवा; तिचं एकेरी तिकीट सुमारे चाळीस क्रोनरचं, ७५ मिनिटं वैध, आणि मेट्रो, बस, ट्राम, ही फेरी अशा सगळ्याला एकच. त्या मंडळींनी माणशी त्याच्या कितीतरी पट मोजले आणि आमच्यानंतर पोचले. तुमची ६५ वर्षं पूर्ण असतील तर सवलतीचं तिकीट मिळतं, ते एसएलच्या ॲपमधून काढा. काही दिवस राहणार असाल तर दिवसांचा पास घ्या, हिशेब तेव्हाच जमतो. बोट नको असेल तर ७ नंबरची ट्राम आहे.

युरगोर्डेनच्या पश्चिम टोकाला वासा हे जुन्या जहाजाचं संग्रहालय, स्कान्सेन हे खुलं संग्रहालय आणि ग्रोना लुंड हे पाळण्यांचं मनोरंजन उद्यान, यांची जत्रा असते. ते बघायचंच असेल तर वेगळा दिवस ठेवा. बागेसाठी आला असाल तर गर्दीला पाठ दाखवून कालव्याच्या काठाने पूर्वेला चालू लागा. कधीकाळी ही राजांची शिकारीची जागा होती, म्हणूनच तिथले ओक एवढे म्हातारे आणि अवाढव्य आहेत. हॉगा, ब्रुन्सवीकेन, युरगोर्डेन हा सगळा पट्टा १९९५ पासून कायद्याने राष्ट्रीय नागरी उद्यान आहे, त्यामुळे भर शहरात असूनही तिथे टॉवर उगवलेले नाहीत. पुण्याच्या माणसाला हे वाचून टेकड्या आठवतील, तो विषय नको. बेटाची फेरीही दहाएक किलोमीटरची आहे, पण ही पूर्ण मारा. ब्लोकहूसउद्देनच्या टोकावर मोठाली जहाजं जवळून जातात, आणि पायाखाली चढ असा नाहीच. जेवणाचा डबा न्या. वाटेतल्या रूसेन्दालच्या फळबागेत सफरचंदाच्या झाडाखाली बसून खायला मजा येते, पण तिथल्या कॅफेत एक कॉफी आणि एक दालचिनीचा बन घेतला की शंभरेक क्रोनर गेले. बन चांगला होता. आठशे रुपयांचा नव्हता.

हिरवळीवर बसण्याआधी खाली बघा म्हणालो, त्याचं कारण हंस. पांढऱ्या गालांचे आणि कॅनडाचे, दोन्ही प्रकारचे रानहंस पाण्याजवळच्या हिरवळींवर कळपाने चरतात आणि चरल्याच्या खुणा सोडतात. रोलाम्सहोव पार्कात पाण्याकाठी चटई टाकायला हातभर स्वच्छ जागा मिळेना. प्लास्टिक लावलेली चटई न्या, चादर नको. पिल्लं बरोबर असतील तर फोटोसाठी जवळ जाऊ नका, मोठे हंस फिस्कारत अंगावर येतात.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे गोचिडी. उंच गवतात आणि झुडपांत असतात, वसंतापासून शरदापर्यंत. त्या चावल्याने लाइम रोग होऊ शकतो, आणि स्टॉकहोम परिसरात मेंदूज्वराचा विषाणूही त्यांच्यात सापडतो. त्या विषाणूवर लस आहे, तिथले बरेच लोक ती घेतात. लाइमवर नाही. तुम्ही निदान पूर्ण पँट घाला, पायमोजे वर ओढा, आणि घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, मुलांच्या केसांत नीट तपासा. औषधाच्या दुकानात गोचीड काढायचा छोटा चिमटा मिळतो, तो घ्या. तेल, चुना, जळती काडी असले घरगुती उपाय करू नका. भाच्याने हे सगळं दहाव्या किलोमीटरनंतर फोनवर सांगितलं, तेव्हा मी थ्री-फोर्थमध्ये गवतात बसलो होतो.

बाकीच्या बागा थोडक्यात. कुंग्सत्रेगोर्डेन एप्रिलअखेरीस चेरी फुलते तेव्हाच, एरवी तो फरसबंद चौक आहे. तान्तोलुन्देनची टेकडी चढा, वरच्या लहानलहान बागवाल्या लाकडी घरांमधून उतरा, तासाभरात होतं आणि पैसा लागत नाही. स्कूग्सशिर्कोगोर्डेन ही दफनभूमी आहे, १९९४ पासून जागतिक वारसा. पाइनच्या जंगलातल्या सरळ वाटा, गर्दी नाही, हिरव्या मार्गिकेवर त्याच नावाचं स्टेशन. गुडघे दुखत असतील तर हीच निवडा. फक्त तिथे डबा उघडू नका, लोक आपल्या माणसांना भेटायला आलेले असतात.

आणि उन्हाळ्यात जात असाल तर पार्कतेआतर्नचं वेळापत्रक बघा. १९४२ पासून हे लोक बागांमध्ये फुकट नाटकं, नाच, सर्कस करतात. वीताबेर्गच्या टेकडीवरचं खुलं नाट्यगृह सगळ्यात चांगलं. भाषा कळत नाही म्हणून नाटक टाळा, नाच किंवा सर्कस निवडा. तासभर आधी जा, पाठ टेकायला काही तरी न्या, आणि जून असला तरी स्वेटर घ्या. दहाच्या सुमारास ऊन जातं आणि मग थंडी एकदम वाजते.