पाळी थांबल्याचा आनंद

हाडांच्या डॉक्टरांनी एका धावपटू मुलीला माझ्याकडे पाठवलं. चिठ्ठीत एवढंच होतं : नडगीच्या हाडाला दुसऱ्यांदा बारीक तडा गेलाय, पाळीची चौकशी करावी. मी स्त्रीरोगतज्ज्ञ. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जणी पाळीची तक्रार घेऊन येतात. ही लंगडत आली, आणि पाळीचा विषय निघताच तिचा चेहरा खुलला.

"मॅडम, तो त्रासच संपला. सात-आठ महिने झाले असतील, आलीच नाही."

सोबत आई होती. "मला काळजी वाटत होती हो. पण हिचे सर म्हणाले, सराव कसून चालला असला की असं होतंच."

पाच किलोमीटरची आपली वेळ तिला सेकंदासकट पाठ होती. शेवटची पाळी कोणत्या महिन्यात आली, ते मात्र आईने बोटांवर मोजून सांगितलं. मी खाण्याचं विचारलं. पहाटेचा सराव उपाशीपोटी, नंतर भूक मेलेली, आणि वजन कमी असलं की वेग वाढतो म्हणून रात्रीचं जेवणही अर्धंच. झोप तुटक, हातपाय सतत गार, चिडचिड वाढलेली.

गरोदरपणाची चाचणी, थायरॉईड, प्रोलॅक्टिन, सोनोग्राफी, सगळं तपासून घेतलं. त्यात काही सापडलं नाही. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक (हार्मोन) मात्र खूप खाली होतं, आणि बीजकोशांना कामाला लावणारी एफएसएच आणि एलएच ही मेंदूकडून येणारी संप्रेरकंही मंदावलेली. बीजकोश धडधाकट होते, त्यांना वरून निरोपच येत नव्हता.

रिपोर्ट घेऊन दोघी आल्या, तो दिवस माझ्या लक्षात राहिलाय. मी कोरा कागद घेतला आणि त्यावर अख्खा महिना काढला. हे मी नेहमी करते, कारण पाळी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर फक्त रक्तस्रावाचे दिवस येतात. महिन्याच्या पूर्वार्धात इस्ट्रोजेन चढत जातं, गर्भाशयाचं अस्तर वाढतं, एक बीज पक्व होऊन बाहेर पडतं. मग प्रोजेस्टेरॉन येतं, अंगाचं तापमान साधारण 0.3 ते 0.5 अंश सेल्सिअसने वर जातं. गर्भ राहिला नाही की दोन्ही संप्रेरकं उतरतात आणि अस्तर गळून पडतं. आपल्याला दिसतो तो एवढा शेवटच. आणि ते इस्ट्रोजेन फक्त गर्भाशयापुरतं नसतं, हाडांची झीजही तेच रोखून धरतं. तिशीच्या आसपासपर्यंत हाडांत जेवढा साठा होतो, त्यावर पुढचं आयुष्य काढायचं असतं. ही मुलगी ऐन साठवणीच्या वयात साठा मोडायला लागली होती.

"घरात पैसा कमी पडला की आधी कुठला खर्च थांबवतो आपण?" मी आईंना विचारलं. "ज्याच्यावाचून आजचा दिवस निभतो तो. खाणं कष्टाला पुरलं नाही की शरीरही तेच करतं. हृदय आणि मेंदू थांबवता येत नाहीत, पाळी थांबवता येते."

स्त्रीशक्तीबद्दल खूप भारावून बोललं जातं. त्यामागची भावना मला पटते, पण माझ्या टेबलावर त्या शक्तीचा हिशोब अगदी रोकडा असतो : शरीराला रोजच्या कष्टापलीकडे काही उरतंय का? उरत असेल तर चक्र चालतं. म्हणूनच अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2015 साली सांगितलं, की किशोरवयीन मुलींच्या तपासणीत पाळीला नाडी, रक्तदाब यांच्याइतकंच महत्त्व द्या. पाळीचा याहून मोठा सन्मान मला माहीत नाही.

आई म्हणाल्या, "मग पाळी यायची गोळी द्या ना." गोळीने रक्तस्राव झाला असता, पण मेंदूचा निरोप बंदच राहिला असता आणि सगळं ठीक आहे असं वाटून आम्ही गाफील राहिलो असतो. मी नको म्हटलं. भरपूर खाणं, आहारतज्ज्ञांची भेट, हाडांच्या घनतेची तपासणी आणि पाय बरा झाल्यावरही काही काळ सराव कमी, असं लिहून दिलं.

तशी मुलगी उसळली. "म्हणजे मी मुलगी आहे म्हणून मी कमी धावायचं?"

प्रश्न रास्त होता आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, "नाही. मुलगेही असे उपाशी धावले तर त्यांचं टेस्टोस्टेरॉन घसरतं, त्यांचीही हाडं तडकतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014 मध्ये या दुखण्याच्या व्याख्येत पुरुष खेळाडूही घेतले. फरक एवढाच, त्यांना आधी कळत नाही. तुला दर महिन्याला कळू शकतं. ती सूचना बंद पडली आणि तू खूश झालीस."

ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हा कागद मी नेऊ?"

पाळी यायला कित्येक महिने लागले. आली त्या सकाळी तिचा फोन आला. पोटात कळा येत होत्या आणि आवाजात आनंद मावत नव्हता. कळा प्रोस्टाग्लँडिन नावाच्या शरीरातल्याच रसायनामुळे येतात, दुखण्यावरची गोळी दुखणं वाढायच्या आधी घ्यायची, हे सांगितलं. पुढच्या भेटीला ती वही घेऊन आली. झोप, मूड, पायांतला जडपणा, रोजची नोंद. कोणत्या दिवसांत वेग सर्वांत चांगला येतो, असं तिने विचारलं. यावरचं संशोधन एकमुखी नाही, बाईगणिक फरक पडतो, त्यामुळे मी तिला तिचीच वही वाचायला लावली. पाळीच्या आदल्या दोन रात्री झोप मोडते, असं त्यात दिसत होतं. लांब पल्ल्याचा सराव तिने त्या दिवसांतून हलवला. पाळीच्या दुसऱ्या दिवशी मात्र ती मस्त धावते.

तिचे सरही नंतर येऊन भेटले, मनापासून ऐकून गेले. इतर मुलींनाही वह्या द्यायच्या असं त्यांनी ठरवलं, पण अट हिने घातली : वही ज्या मुलीची तिच्याजवळच राहील, सरांना फक्त "आज हलका सराव" एवढंच सांगायचं, कारण विचारायचं नाही. सरांनी ते मान्य केलं. तीन महिने पाळी आली नाही तर मात्र त्या मुलीने थेट डॉक्टरकडे जायचं, हे मी त्यात जोडलं.