चौदातली बाकीची कुठं गेली?

मी एम्ब्रियोलॉजिस्ट, म्हणजे शरीराबाहेर लॅबमध्ये गर्भ तयार करून वाढवणारी. आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) सेंटरमध्ये जोडपी डॉक्टरांना ओळखतात, नर्सला नावाने हाक मारतात, पण लॅबमधल्या आम्हा लोकांचा चेहरा बहुतेकांनी पाहिलेलाही नसतो. ऑपरेशन थिएटर आणि लॅबच्या मधल्या खिडकीतून टेस्ट ट्यूब आत येतात, आणि त्यानंतरचे पाच दिवस त्या जोडप्याचं सगळं आमच्या ताब्यात असतं. म्हणून त्या दिवशी रिसेप्शनवरून फोन आला, "मॅडम, जतकडचे एक पेशंट आलेत, लॅबवाल्यांनाच भेटायचंय म्हणतात," तेव्हा मला नवल वाटलं.

मिरजेला दवाखान्यासाठी लांबलांबून माणसं येतात, तसेच हे दोघं आले होते. लग्नाला अकरा वर्षं झालेली, तिचं वय चौतीस. तो दूध संकलन केंद्रावर कामाला. इंजेक्शनं थंड ठेवायची म्हणून केंद्रावरच्या फ्रीजमध्ये वेगळा डबा करून ठेवलेली. पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून रोज ठरल्या वेळी ती स्वतःच पोटावर टोचून घ्यायची. एक वेळ चुकली नाही. शेवटचं ट्रिगरचं, म्हणजे अंडी पुरती पिकवणारं इंजेक्शन रात्री साडेदहाला सांगितलं होतं, ते साडेदहालाच घेतलं. त्या वेळेला फार महत्त्व असतं. त्यानंतर साधारण पस्तीस-छत्तीस तासांनी अंडी काढावी लागतात. लवकर काढली तर ती पुरती पिकलेली नसतात, उशीर झाला तर अंडाशयातून सुटून गेलेली असतात.

पिकअप, म्हणजे अंडी काढणं, आदल्या दिवशी झालं होतं. भूल दिल्यावर वीस मिनिटांचं काम. सोनोग्राफीवर बघत डॉक्टर सुईने एकेका फॉलिकलमधलं, म्हणजे अंडाशयात अंडं वाढतं त्या बारीक पिशवीतलं, पाणी ओढून घेतात, आणि ते पिवळसर-लाल पाणी ३७ अंशांवर ऊब राखलेल्या ट्यूबमधून माझ्याकडे येतं. मी ते डिशमध्ये ओतून मायक्रोस्कोपखाली शोधते. अंडं भोवतालच्या पेशींच्या चिकट, धूसर ढगात गुरफटलेलं असतं. दिसलं की मी खिडकीतून ओरडून सांगते, "एक मिळालं!" तिच्या सोनोग्राफीत चौदा फॉलिकल मोजले होते. अंडी मिळाली नऊ.

रिसेप्शनच्या बाजूच्या खोलीत दोघं बसले होते. त्याच्या हातात फाइल. आवाज चढलेला नव्हता, पण शब्द तोलून बोलत होता.

"मॅडम, शेवटच्या सोनोग्राफीला चौदा हाईत म्हणून लिवलंय. काल नऊ मिळाली म्हणला. आज सकाळी फोन आला की पाचच झालीत. मग बाकीची कुठं गेली?"

पुढचं तो बोलला नाही, पण मला कळलं. अंडी विकतात, दुसऱ्याला देतात, असं गावात कुणीतरी त्याच्या कानावर घातलेलं होतं. मला राग आला नाही. दीड-दोन लाख रुपये उभे केलेल्या माणसाने हिशोब विचारायचा नाही तर कुणी विचारायचा? त्याच्या तोंडून तो प्रश्न निघाला हे मला आजही बरोबर वाटतं.

लॅबमध्ये बाहेरच्यांना नेता येत नाही. आत आम्ही स्वतः अत्तर, सुवासिक तेल, गजरा काही वापरत नाही, कारण हवेतल्या वासाचाही गर्भाला त्रास होतो. म्हणून काढून ठेवलेले फोटो मी कॉम्प्युटरवर उघडले आणि एकेक दाखवत गेले. प्रत्येक फॉलिकलमधून अंडं मिळतंच असं नाही, हे आधी सांगितलं. मग नवातली पिकलेली सात आणि न पिकलेली दोन दाखवली. "ह्या गोल अंड्याच्या कडेला हा बारीक ठिपका दिसतो? तो असला की अंडं पिकलं. ह्या दोघांत तो नाही, म्हणून त्यांत शुक्राणू सोडता आला नाही." सातांत एकेक शुक्राणू बारीक काचेच्या सुईने सोडला होता. त्यानंतर सोळा ते अठरा तासांनी, म्हणजे त्याच दिवशी सकाळी, मी तपासलं होतं. पाच अंड्यांत दोन-दोन गोल केंद्रकं शेजारी शेजारी, एक आईचं, एक बापाचं. एकात तीन दिसली, तो गर्भ वापरता येत नाही. एकात काहीच घडलं नव्हतं.

कायद्याचंही सांगितलं. आयव्हीएफसारख्या उपचारांसाठीच्या २०२१ च्या कायद्याप्रमाणे जोडप्याचं अंडं किंवा गर्भ दुसऱ्या कुणासाठी वापरता येत नाही, आणि विक्री हा गुन्हा आहे. प्रत्येक डिशवर दोघांची नावं असतात, आणि डिश बदलताना दुसरा माणूस शेजारी उभा राहून ती वाचतो.

त्याने माझं पेन मागून घेतलं. फाइलच्या पाठीमागे १४, ९, ७, ५ असे आकडे एकाखाली एक लिहिले आणि पाचाखाली पेन टेकवून थांबला. "आता हितनं खाली?"

मी खरं तेच सांगितलं. पाचव्या दिवसापर्यंत बऱ्याचदा निम्मेच पोचतात, कधी त्याहून कमी, कधी एकही नाही. तो बायकोकडे वळून म्हणाला, "गाईला भरवलं म्हंजे दर खेपेला गाभ जाती व्हय? तसंच हाय हे." रोज गाईगुरांत वावरणाऱ्या माणसाला माझ्या फोटोंपेक्षा तेच लवकर पटलं.

ती तोवर गप्प होती. मग तिने विचारलं, "ज्यांचं काही झालं न्हाई, त्यांचं काय करता तुम्ही?"

हा प्रश्न मला याआधी कुणी विचारला नव्हता. दवाखान्यातल्या जैविक कचऱ्याच्या नियमाप्रमाणे त्यांची विल्हेवाट लावतो, हे मी आडवळण न घेता सांगितलं. तिने मान हलवली. "मग मला ती परत दाखवा. ऱ्हायलेली नंतर बगते." तीन केंद्रकांचा गर्भ, काहीच न घडलेलं अंडं आणि ठिपका नसलेली दोन, असे चारही फोटो मी पुन्हा उघडले. तिने प्रत्येकाला वेळ दिला. नवरा घाई करायला लागला तेव्हा तिने त्याचा हात धरून ठेवला.

पाचव्या दिवशी दोन गर्भ ब्लास्टोसिस्टपर्यंत, म्हणजे पाचव्या दिवसाच्या पुरत्या वाढीपर्यंत, पोचले. एक त्याच दिवशी गर्भपिशवीत सोडला. त्याला भूल लागत नाही, फक्त लघवीची पिशवी भरलेली ठेवावी लागते. दुसरा उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवला. निघताना मी सांगितलं की नुसतं झोपून राहायची गरज नाही, घरातली हलकी कामं चालतील.

त्या भेटीनंतर डॉक्टरांशी बोलून आम्ही एक छापील कागद सुरू केला. पहिल्या इंजेक्शनच्या आधीच तो जोडप्याच्या हातात देतो. त्यावर फॉलिकल, मिळालेली अंडी, पिकलेली, फलित झालेली, पाचव्या दिवसाचे गर्भ अशा मोकळ्या चौकटी आहेत, आणि प्रत्येक चौकटीपुढे आकडा का घटतो ते दोन ओळींत लिहिलंय. प्रत्येक टप्प्याला तो आकडा आम्ही त्यांच्यासमोर भरतो. आदल्या आकड्याची सवय झाल्यावर पुढचा कमी आकडा ऐकणं फार जड जातं. तो आधीपासून अपेक्षित असेल तर निदान संशयाचं ओझं तरी वाढत नाही. कागदाचा खर्च काहीच नाही, त्यासाठी दहा मिनिटं बसावं लागतं, आणि ती दहा मिनिटं प्रत्येक सेंटरने द्यावीत असं मला मनापासून वाटतं.

दोन आठवड्यांनी तिचा बीटा, म्हणजे दिवस गेलेत का ते बघायची रक्ताची तपासणी, निगेटिव्ह आला. फोन तिनेच केला होता. रडून झालेलं आवाजावरून कळत होतं. गोठवलेला एक आहे त्यासाठी लगेच औषधं चालू करायची की थांबायचं, एवढंच तिला विचारायचं होतं. डॉक्टर म्हणाले, एक पाळी जाऊ द्या, मग या.