नऊ फटी

आज देवगडात तात्यांच्या बागेतल्या मांगरात (सामान ठेवायच्या खोपटात), गवताच्या भाऱ्यांमागे ठेवलेली जीप बघितली. पुढच्या जाळीच्या फटी मोजल्या, चक्क नऊ! महिंद्राच्या जुन्या जीपला सात असतात, म्हणजे ही महायुद्धातलीच. बोल्टवरचा गंज खरवडला तर इंग्रजी 'एफ' अक्षर दिसलं, म्हणजे फोर्डने लष्करासाठी बनवलेली जीप, 'जीपीडब्ल्यू', १९४२ ते १९४५ मधली, हातच थरथरला माझा.

मागच्या पत्र्याला मात्र जाडजूड वेल्डिंग. म्हटलं तात्यानू, हे कापून मूळच्यासारखा पत्रा बसवूया. तर म्हणाले, "गंज काढ, पण तेका हात लावू नको. माझ्या बापाशीन मारलेला आसा ता, आंब्याच्या पेट्यांसाठी."

घरी येईपर्यंत तेच डोक्यात. खाऱ्या वाऱ्यात इतकी वर्षं ती टिकली ती त्या पेट्या वाहायला लागायची म्हणूनच ना? मग मूळची जीप म्हणायची तरी कुठली?