कोल्हापूर ते न्यूयॉर्क: विमान १६ तासांचं, प्रवास ३४ तासांचा

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशात विमान अरबस्तानावरून सरळ पश्चिमेला जाईल असं वाटतं. पण पृथ्वी गोल असल्यामुळे सर्वांत जवळची वाट मुंबईहून वायव्येला चढते आणि पार आइसलँडच्या अक्षांशापर्यंत जाऊन खाली उतरते. ताशी ९०० किलोमीटरने हे अंतर १४ तासांत संपायला हवं. प्रत्यक्षात १६ लागतात, कारण समोरून वारा असतो आणि बंद असलेली हवाई हद्द टाळून वळसा घ्यावा लागतो. परतताना तोच वारा पाठीशी येतो, म्हणून तास-दीड तास वाचतो.

तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात. रात्री १ ला निघून सकाळी ७:३० ला पोचणार असं दिसलं की घरची मंडळी साडेसहा तास धरतात. त्यात उन्हाळ्यात साडेनऊ तास मिळवा, झाले १६. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत साडेदहा मिळवायचे.

तारखेचा घोळ याहून महागात पडतो. १५ तारखेचं रात्री १ चं विमान म्हणजे १४ च्या रात्री साडेनऊपर्यंत सहारला, म्हणजे मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर, हजर. १५ च्या रात्री गेलात तर विमान जाऊन जवळपास दिवस झालेला असतो!

आता दारापासून दारापर्यंत मोजू. कोल्हापूर ते सहार सुमारे ३८० किलोमीटर. रस्ता मोकळा असेल तर आठ तास, पण खंबाटकी, पुण्याचा बायपास आणि खंडाळा यांतला एक जरी तुंबला तरी दहा. म्हणून १४ ला सकाळी १० ला घर सोडा. न्यूयॉर्कला उतराल तेव्हा कोल्हापुरात १५ च्या संध्याकाळचे ५ वाजलेले असतात, म्हणजे ३१ तास. पुढे इमिग्रेशन, बॅगा आणि न्यूजर्सीतलं घर गाठायला आणखी तीन.

जुलै-ऑगस्टमध्ये मात्र एक दिवस आधीच पुणे किंवा मुंबई गाठा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कोल्हापूरलगत शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता. मोकळा वेळ ठेवायचा तो इथे, दुबई-दोह्याला विमान बदलताना नव्हे.

उजळाईवाडीहून, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावरून, मुंबईचं विमान घ्यायचं असेल तर सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्या. वेगळं तिकीट काढलं तर देशांतर्गत विमानात बहुधा १५ किलोच सामान चालतं आणि २३-२३ किलोच्या दोन बॅगांचे जादा पैसे भरावे लागतात. शिवाय पहिलं विमान लेट झालं तर पुढचं आपल्यासाठी थांबत नाही, आणि तिकिटाचे पैसेही सहसा बुडतात.

अमेरिकेत आत आणखी एक विमान बदलायचं असेल तर पहिल्या विमानतळावर बॅगा सहसा स्वतः उचलून, कस्टम करून पुन्हा द्याव्या लागतात. बॅगांना शेवटच्या गावाचा टॅग असला तरीही. त्यासाठी मध्ये किमान तीन तास हवेत. आई-बाबा एकटे येत असतील तर चार.