लहान गिटार आणि मापाची बॅग

परभणी. चैत्र संपत आला आहे. शनिवार, रात्र.

गिटारच्या बॅगेचा प्रश्न आज मार्गी लागला, म्हणून सगळे तपशील विसरण्याआधी लिहून ठेवत आहे. माझी गिटार पाऊण आकाराची आहे. मुलांच्या कविता चालीवर बसवण्यासाठी मी ती परभणीहून जिंतूर तालुक्यातल्या शाळेत एसटीने नेतो, सुट्टीत ती माझ्याबरोबर संभाजीनगरला घरी येते आणि मे महिन्यात किनवटच्या बालशिबिरालाही जाणार आहे. विकत घेताना तिच्याबरोबर जी बॅग मिळाली होती, ती म्हणजे पातळ कापडाची खोळ होती. तिने धूळ अडत असे, धक्का अडत नसे.

प्रवासी गिटार हे एकच माप नाही, हे शोधाला लागल्यावर पहिल्यांदा नीट कळले. 1996 साली आलेल्या बेबी टेलर या लहान गिटारची तारेची कंपन-लांबी पावणेतेवीस इंच आहे, मार्टिन कंपनीच्या लिटल मार्टिन या लहान गिटारची तेवीस इंच आहे आणि पूर्ण आकाराच्या गिटारची साधारण साडेपंचवीस इंच असते. मार्टिनच्या बॅकपॅकर गिटारचे तर अंगच इतके अरुंद आहे की तिची बॅग दुसऱ्या कुठल्याही गिटारला होणार नाही. त्यामुळे बॅगेवरच्या ‘ट्रॅव्हल गिटार’ या चिठ्ठीवर विसंबून खरेदी करण्यात अर्थ नाही. टेप घेऊन एकूण लांबी, खालच्या फुगीर भागाची रुंदी, वरच्या खांद्याची रुंदी, अंगाची खोली आणि मान जिथे अंगाला मिळते तिथपर्यंतचे अंतर, अशी पाच मापे आधी कागदावर उतरवून घ्यावीत. माझ्या गिटारची एकूण लांबी चौतीस इंच भरली. संभाजीनगरच्या दुकानांत तयार बॅगा अडतीस, एकोणचाळीस आणि एक्केचाळीस इंची गिटारच्या होत्या, आणि त्यांतल्या सर्वांत लहान बॅगेतही माझी गिटार चार इंच मोकळी राहत होती.

हे चार इंच मला सर्वांत धोक्याचे वाटतात. गिटारचा सर्वांत नाजूक भाग तिचे अंग नसून मान आणि शीर यांचा सांधा असतो. बहुतेक गिटारींचे शीर मागच्या बाजूला काही अंशांनी कललेले असते, त्यामुळे तिथे लाकडाचे रेषे आखूड पडतात. शिवाय खुंट्यांचे वजन टोकाला आणि तारांचा ताण सतत वरच्या दिशेने असतो. गिटार पाठीवर पडली, की अंग थांबते पण शीर आपल्या वजनाने मागे जात राहते आणि नटच्या, म्हणजे मान संपून शीर सुरू होते तिथल्या तारा टेकणाऱ्या खाचांच्या पट्टीच्या, मागे लाकूड तडकते. म्हणूनच भारी, कडक पेटीत ठेवलेली गिटारसुद्धा मोडलेली सापडते आणि पेटीवर मात्र ओरखडाही नसतो. पेटी कितीही मजबूत असली तरी गिटार आत हलत असेल, तर पेटीला बसलेला धक्का आत मानेवरच उतरतो. यावर उपाय असा, की मानेला नटच्या अलीकडे खालून भक्कम आधार असावा आणि शीर मात्र मागे कशालाही न टेकता अधांतरी राहावे. शिराखाली गादी भरणे चांगले वाटते खरे, पण तिथला आधार धक्क्याच्या वेळी उलट शिरावरच दाब देतो. बॅग घेताना लोक गादीची जाडी चाचपून पाहतात, मानेचा आधार मात्र फारसे कोणी पाहत नाही.

प्लायवूडच्या हार्ड केसचा विचार मी बराच वेळ केला. घरात ठेवायला किंवा सामानाच्या गाडीतून न्यायला तिच्यासारखे दुसरे काही नाही. पण लहान गिटार घ्यायची ती हलकी म्हणून, आणि तिची पेटी तिच्यापेक्षा जड व्हावी, हे मला पटेना. शाळेच्या वेळी एसटीत उभे राहायलाही जागा नसते. तिथे कडक कोपऱ्यांची पेटी शेजारच्यांच्या गुडघ्यांना लागते आणि शेवटी कंडक्टर ती डिकीत टाकायला सांगतो. कडक थर्मोकोलसारख्या फोमच्या साच्यावर कापड चढवलेली हलकी केस हा मधला मार्ग उत्तम आहे, मात्र ती माझ्या मापाची मिळाली नाही.

आमच्याकडच्या उन्हाचा विचार यात वेगळा करावा लागतो. अकूस्टिक गिटारच्या लाकडाला साधारण 45 ते 55 टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते, आणि मराठवाड्यात चैत्र-वैशाखातल्या दुपारची हवा याच्या कितीतरी खाली उतरते. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आकसते, फ्रेटची, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, टोके मानेबाहेर येऊन बोटांना टोचू लागतात आणि अस्सल एकसंध फळी असेल तर तिला चीरही जाऊ शकते. बंद जीपमध्ये किंवा एसटीच्या उन्हाकडच्या खिडकीत गिटार ठेवली तर डिंक मऊ होऊन ब्रिज (अंगावर तारा अडकवलेली लाकडी पट्टी) उचलला जाण्याची भीती वेगळीच. बाजारातल्या बहुतेक बॅगा काळ्या असतात, आणि काळे कापड ऊन किती ओढते हे इथे कोणाला सांगावे लागत नाही. म्हणून मला फिकट रंगाचीच बॅग हवी होती.

शेवटी परभणीतच, जीप आणि ट्रॅक्टरच्या सीटा शिवणाऱ्या एका मामांकडे गेलो. मी मापांचा कागद दिला, पण त्यांनी तो बाजूला ठेवला, गिटार स्वतः हातात घेतली, ती कुठे जड आहे हे बोटावर तोलून पाहिले आणि म्हणाले, “सर, फोम जाड केल्यानं काय होत नसतंय. माल आत हलला नाही पाहिजे.” त्यांनी आधी जुन्या वर्तमानपत्रावर गिटारची आकृती पेन्सिलीने उतरवली आणि सगळीकडून बोटभर जागा सोडून तिच्यावरून साचा कापला. बाहेरून खाकी कॅनव्हास, मध्ये सीटमध्ये घालतात तो घट्ट फोम आणि आतून सुती फलालीन, असे तीन थर ठरले. आत रेक्झिन लावू नये हा माझा आग्रह होता, कारण रेक्झिन आणि रबर यांचा काही गिटारींच्या पॉलिशवर परिणाम होऊन ते चिकट होते. मानेसाठी त्यांनी फोमचे तुकडे एकावर एक चिकटवून ठोकळा केला, त्याला मधोमध अर्धगोल खाच कापली आणि फलालीन चढवले. मान त्या खाचेत बसते, वरून दोन बोटे रुंदीचा पट्टा येतो आणि शीर मागे दीड इंच मोकळे राहते. गिटार आत ठेवून, पट्टा लावून मी बॅग उभी-आडवी हलवून पाहिली. काहीही वाजले नाही.

चेनच्या बाबतीत मामांचे ज्ञान माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त होते. त्यांनी दहा नंबरची जाड चेन आणि दोन रनर लावले, आणि चेन खालच्या फुगीर भागाला वळसा घालून नेली, म्हणजे बॅग पुस्तकासारखी उघडते आणि गिटार तिरकी करून ओढावी लागत नाही. आतून चेनच्या कडेने कापडाची पट्टी शिवली आहे, त्यामुळे धातूचे दात लाकडाला लागत नाहीत. आमच्याकडची काळ्या मातीची बारीक धूळ चेनमध्ये बसली की रनर अडतो. तेव्हा ओढाताण न करता ब्रशने धूळ झाडून दातांवर मेणबत्ती घासावी, असे त्यांनी बजावले.

कापडी बॅगेत ओलावा टिकत नाही, हे खरे आहे. त्यामुळे भोके पाडलेल्या साबणदाणीत पिळून घेतलेला स्पंज ठेवून ती बाहेरच्या खिशात नव्हे, तर आत शिराजवळच्या मोकळ्या जागेत बांधायची, असे ठरवले आहे. स्पंजातून पाणी गळता कामा नये. मृगाच्या सरी सुरू झाल्या की ती काढून टाकायची आणि सिलिका जेलची पुडी ठेवायची. शेजारी एक छोटा आर्द्रतामापकही ठेवणार आहे, कारण हवा अंदाजाने ओळखता येत नाही.

प्रवासात कुठे काय ठेवायचे, हेही आता पक्के आहे. एसटीत वरच्या रॅकवर किंवा शेवटच्या बाकावर नाही, तर पुढच्या चाकामागच्या सीटवर दोन गुडघ्यांमध्ये उभी. देवगिरी एक्सप्रेसने मुंबईला जाताना खालच्या बर्थखाली नाही, तर वरच्या बर्थवर उशाशी. विमानाचा योग येईल तेव्हा हार्ड केसशिवाय इलाज नाही. केबिनच्या सामानाला 55 सेंटीमीटरची मर्यादा आहे आणि माझी गिटार 86 सेंटीमीटर आहे, त्यामुळे ती सामानाच्या कप्प्यातच जाण्याची शक्यता अधिक. तिथे ही बॅग पुरेशी नाही.

खांद्याच्या पट्ट्यांची शिलाई मला अजून कमी वाटते. भार सगळा त्या दोन टाक्यांवर येतो, आणि चालत्या एसटीत चढताना पट्टा तुटला तर आतल्या साऱ्या व्यवस्थेचा उपयोग नाही. मामांनी उद्या सकाळी दुकान उघडल्यावर बोलावले आहे. पट्ट्याच्या मुळाशी आतून निवारीचा तुकडा घालून चौकोनी शिलाई आणि तिच्यात फुली मारून घ्यायची आहे. त्याच वेळी गिटारच्या तळाच्या बटणाखाली, जिथे बॅग जमिनीवर टेकते तिथे, जुन्या ट्यूबचा तुकडा बाहेरून लावता येईल का, तेही विचारणार आहे.