जीआरई शब्दसंग्रह: लीच कार्डांचा गुंता सुटायला लागला

जीआरई या परदेशी उच्चशिक्षणासाठीच्या परीक्षेच्या इंग्रजी शब्दांतली वीनल आणि वीनियल ही जोडी एकदाची सुटली! अँकी या फ्लॅशकार्डांच्या अ‍ॅपवर ती कायम लीचच्या, म्हणजे पुन्हापुन्हा चुकणाऱ्या कार्डांच्या टॅगखाली पडून होती. 'वीनल म्हणजे लाचखाऊ' हे कार्ड एकटं आलं की उत्तर तयार. पाठोपाठ 'वीनियल म्हणजे क्षम्य' आलं की दोन्हींची सरमिसळ. एफएसआरएसचं, म्हणजे कार्ड पुन्हा कधी दाखवायचं ते ठरवणाऱ्या अँकीच्या अल्गोरिदमचं रिटेन्शन (किती कार्डं आठवायला हवीत ते प्रमाण) ०.९ वरून वाढवून पाहिलं, पण त्यानं नुसता रिव्ह्यूंचा ढीग वाढला. अडचण विसरण्याची नव्हतीच, सारख्या दिसणाऱ्या शब्दांची होती. तिथे अल्गोरिदम काय करणार?

मग दोघांची सुटी कार्डं सस्पेंड केली, म्हणजे बाजूला ठेवली, आणि क्लोझ, म्हणजे वाक्यातली गाळलेली जागा भरायची कार्डं बनवली. वाक्य मात्र नेमकं हवं. 'द क्लार्क वॉज' पुढे गाळलेली जागा ठेवली तर काहीही बसतं. पाकीट हातात पडल्यावरच फाईल सरकवणारा कारकून वाक्यात आणला की वीनलच बसतो. जोडीला व्युत्पत्ती: वीनलच्या मुळाशी लॅटिनमधली विक्री आहे, वेंडरही तिथलाच, वीनियलच्या मुळाशी क्षमा. एनर्व्हेटही असाच पक्का झाला. एनर्जीचा भाऊ वाटतो, पण मूळ अर्थ स्नायू काढून घेणं, म्हणजे गलितगात्र करणं. आता तो दिसला की हात आपोआप 'गुड'वर, म्हणजे आठवलं सांगणाऱ्या बटणावर जातो. फार बरं वाटतं!

दुसऱ्यांनी बनवलेल्या तयार डेकबद्दल (कार्डांच्या संचाबद्दल) माझं मत आणखी कडक झालंय. एकेका कार्डावर पाच-सहा अर्थ कोंबलेले, वाक्य एकही नाही. मेरियम-वेब्स्टर या शब्दकोशातली उदाहरणं घेऊन आपलं कार्ड आपणच बनवावं.

पुढच्या आठवड्यात नवी यादी घेणार होतो, पण हे लिहितानाच सुचलं की हीच पद्धत सेंटेन्स इक्विव्हॅलन्सला, म्हणजे एकाच रिकाम्या जागेत सारखाच अर्थ देणारे दोन शब्द निवडायच्या प्रश्नांना लावता येईल. सहा पर्यायांतले दोन्ही बरोबर आले तरच गुण, अर्धे गुण नाहीत. एरवी बडबडा माणूस बैठकीत गप्प राहिला, अशा वाक्याला रेटिसंट आणि टॅसिटर्न हवेत. शेजारी गॅर्युलस आणि लोक्वेशस ही 'बडबडा' अर्थाची समानार्थी जोडी सापळा म्हणून बसलेली असते. नुसत्या जोड्या पाठ करणारा तिथेच फसतो. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षेच्या व्हर्बल, म्हणजे भाषेच्या भागात २७च प्रश्न उरलेत, तेव्हा एकेक प्रश्न महाग. म्हणून नवी यादी थांबवली. आधी सापळ्यासकट कार्डं.

टर्जिड, टर्बिड आणि टॉर्पिड हे त्रिकूट मात्र अजून हटत नाही. फुगलेलं, गढूळ, सुस्त, तिन्ही अर्थ पाठ आहेत, पण तिघांना वेगळं पाडणारी वाक्यं जमत नाहीत. कुणाच्या डेकमध्ये असतील तर नक्की पाठवा.