मोबाईल असताना ग्रंथपाल कशाला?

लग्नात, एसटीत, पालकसभेत आणि परवा तर आमच्याच स्टाफरूममध्ये विचारलं गेलं, "सगळं मोबाईलवर मिळतं, मग तुम्ही लायब्ररीत करता तरी काय?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

आधी कबुली. कितीतरी वर्षं मी नुसती राखण केली. दाखल रजिस्टर बिनचूक, कपाटांना कुलपं, किल्ल्यांचा जुडगा पर्समध्ये. गहाळ पुस्तकाचे पैसे आपल्या पगारातून जातील या धास्तीने पुस्तकं वाचवली, तीही मुलांपासून. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन, त्यांच्या १९३१ च्या पाच सूत्रांपैकी पहिलंच, 'ग्रंथ उपयोगासाठी आहेत'. परीक्षेत त्यावर मला चांगले मार्क पडले होते.

जून २०१८ चा शेवटचा आठवडा. पुस्तकमोजणी चालू होती. आठवीतला एक मुलगा वहीचं पान घेऊन आला. वडिलांच्या फोनवरचा मेसेज त्याने जसाच्या तसा उतरवला होता, 'लगेच पुढे पाठवा' सकट. मुलं पळवणारी टोळी फिरतेय म्हणे. "बाई, हे खरंय का, ते कुठल्या पुस्तकात बघायचं?"

मी मान वर केली नाही. "असलं काही पुस्तकात नसतं. जा, तास बुडेल."

त्याने पानाची घडी केली, खिशात घातली आणि गेला.

१ जुलैला, रविवारी, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने मुलं पळवणारे समजून पाच जणांना ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागून जगणारी माणसं. राईनपाडा आमच्यापासून कितीतरी लांब. माझ्या उत्तराशी त्याचा काडीचा संबंध नाही, हे स्वतःला हजारदा सांगून झालंय. तरी सोमवारी पेपर काठीला लावताना ती घडी डोळ्यांपुढे आली.

त्या दिवसांत देशभर फिरलेली एक चित्रफीत तर कराचीतल्या जनजागृतीच्या जाहिरातीची होती. मोटरसायकलवाले मूल उचलतात आणि शेवटी परत आणून सोडतात. तो शेवटच कापलेला. पान फाडलेलं पुस्तक मी परत घेत नाही, आणि हे मात्र सगळ्यांनी घेतलं!

आता गुरुवारी आठवीचा तास घेते. एकच विषय विश्वकोशात, पेपरात आणि मोबाईलवर शोधायचा. कोणी लिहिलं, कधी, कशावरून? एका मुलीने शाळेच्या ग्रुपवर वरिष्ठांनीच टाकलेला 'युनेस्कोने आपलं राष्ट्रगीत सर्वोत्तम ठरवलं' हा मेसेज खोटा ठरवला. बोलावणं मला आलं. १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला, हातात पुस्तकं धरून फोटो निघतात तेव्हा असं बोलावणं येत नाही.

याने मेसेज थांबतात का? माझ्याच घरच्या ग्रुपवर थांबत नाहीत. आणि त्या दिवशी मान वर केली असती तरी काय सांगणार होते? बहुधा एवढंच, की थांब, पोलीस ठाण्यात फोन लावून विचारू.

तो मुलगा मध्यंतरी स्टँडवर भेटला. कागदाचं विचारलं. "कुठला कागद, बाई?"

कपाटांना आता कुलूप नसतं. गेल्या वर्षी अकरा पुस्तकं गेली. पैसे मीच भरले, आणि भरताना चरफडलेही.